पाच मिनिटांची कुदळ

रमजानचा दुसरा अशरा, म्हणजे मधले दहा दिवस सुरू झाले की पनवेलच्या मशिदींत दर वर्षी एक गोष्ट दिसते. ती कोणी बोलून दाखवत नाही, पण दारातल्या चपला सांगतात. पहिल्या रात्री तरावीहच्या नमाजला जागा मिळत नाही. कच्छी मोहल्ला असो की पटेल मोहल्ला, उशिरा येणाऱ्याला बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी उभे राहावे लागते. दहाव्या-बाराव्या रात्री तोच माणूस उशिरा आला तरी आरामात तिसऱ्या सफीत, म्हणजे तिसऱ्या रांगेत पोहोचतो. सत्ताविसाव्या रात्री पुन्हा गर्दी उसळते. मधले दिवस ओसरतीचे.

मुसलमान नसलेल्या वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की, तरावीह ही रमजानमध्ये रात्रीच्या इशाच्या नमाजनंतरची जादा नमाज. तीत हाफिज, म्हणजे ज्यांना संपूर्ण कुरआन मुखोद्गत आहे ते, रोज सव्वा-दीड पारा ऐकवत जातात आणि महिना संपण्याआधी तिसही पारे पूर्ण होतात. दिवसभराचा उपवास, ऑफिस, लोकलची गर्दी, इफ्तार आणि त्यावर तास-दीड तास उभे राहणे. दमणे साहजिकच आहे.

पण ओसरती फक्त मशिदीत असते असे नाही. वडाळे तलावाभोवती १ जानेवारीच्या सकाळी फिरायला आलेल्यांची संख्या आणि फेब्रुवारीच्या मध्यावरची संख्या कोणीही ताडून पाहावी. व्यायामशाळेची वर्षाची फी भरणारे पाडव्याला दिसतात, वटपौर्णिमेला दिसत नाहीत. जूनमध्ये पोराची वही पहिल्या चार पानांवर मोत्यासारख्या अक्षरांत असते आणि पाचव्या पानापासून तिची रया जाते. नवे काही सुरू करण्याचा उत्साह सर्व धर्मांत सारखाच, आणि तो मावळण्याची तारीखही साधारण सारखीच.

मावळले की आपण स्वतःला नावे ठेवतो. इच्छाशक्ती कमी पडली, मन कच्चे, आपल्या हातून काही होणार नाही. या निदानात काहीतरी चुकते आहे, असे वाटायला लावणारा एक माणूस पनवेलपासून फार लांब नसलेल्या गावात जन्मला होता. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागावे, कर्नाळा मागे टाकून पेण गाठावे, तिथून खोपोलीच्या दिशेला वळावे. या वाटेवर गागोदे हे गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. जगाने त्यांना पुढे विनोबा म्हणून ओळखले. भूदानाचे विनोबा सर्वांना ठाऊक आहेत. रमजानच्या पानावर त्यांची आठवण निघण्याचे कारण वेगळे आहे. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी अरबी शिकायला घेतली, ती कुरआन मुळातून वाचता यावे म्हणून. पण त्याच्या आधी एका कुदळीची गोष्ट आहे.

१९३८ साली विनोबांची प्रकृती पार ढासळली होती. वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोवर आले होते. गांधीजींनी बोलावून घेतले, उपचाराचे, हवापालटाचे बोलणे झाले. विनोबांनी थंड हवेचे ठिकाण नाकारले आणि वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला गेले. कामाची सारी चिंता बाहेर ठेवायची, एवढे त्यांनी ठरवले होते. तिथे त्यांनी शेत खणायला घेतले. पहिल्या दिवशी किती वेळ खणले? पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडे जास्त. रोज थोडी भर घालत ते दोन तासांपर्यंत गेले. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झाले. याच खणण्यात जमिनीतून जुनी शिल्पे निघाली, त्यांतले भरत-रामाच्या भेटीचे शिल्प पवनारला आजही आहे.

या गोष्टीत लोकांना शिल्प लक्षात राहते. खरे पाहण्यासारखे आहे ते पाच मिनिटांकडे. हा माणूस निश्चयाच्या बाबतीत दरिद्री नव्हता. आठ-आठ तास सूत कातून मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग त्याने आधी केला होता. त्याने मनात आणले असते तर पहिल्याच दिवशी तासभर कुदळ चालवली असती, दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळला असता आणि तिसऱ्या दिवशी कुदळ भिंतीला टेकवली असती. आपण बहुतेक जण नेमके हेच करतो. उत्साह सर्वांत जास्त असतो त्या पहिल्या दिवशी माप ठरवतो, आणि मग उत्साह उतरल्यावरही तेच माप उचलायला जातो. विनोबांनी अशक्त दिवसाला झेपेल असे माप पहिल्या दिवशी घेतले.

हे त्यांना पुस्तकातून सुचले असेल असे वाटत नाही. गागोद्याच्या घरात त्याची शिकवण आधीच मिळाली होती. आजोबा शंभुराव चांद्रायण व्रत करीत. या व्रतात चंद्राबरोबर जेवण वाढते आणि घटते. शुद्ध प्रतिपदेला एक घास, द्वितीयेला दोन, असे करत पौर्णिमेला पंधरा. पुढे रोज एकेक घास कमी करत अमावास्येला निरंकार उपवास. चंद्रोदयाची पूजा झाली की झोपलेल्या नातवाला उठवून प्रसाद द्यायचे. चंद्रावर नजर ठेवून उपवास करणारे घर म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे रमजानच येतो. गागोद्याच्या ब्राह्मण घरात तो वेगळ्या रूपात होता. याच शंभुरावांनी वाईच्या आपल्या देवळात एका मुसलमान गवयाला देवापुढे गायला बोलावले होते, हीही घरातलीच आठवण.

आई रुक्मिणीबाईंची शिस्त आणखी साधी. तुळशीला पाणी घातल्याशिवाय जेवण नाही, असा मुलासाठी नियम. आणि स्वतःसाठी एकदा देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प. रोज बसून एकेक दाणा मोजायची. वडील हिशेबी, ते म्हणाले, एक तोळा तांदूळ मोज, तोळ्यात किती बसतात ते बघ, आणि मग लाखाचे वजन करून टाक. हवे तर अर्धा तोळा वर घाल. आईला उत्तर सुचले नाही. तिने संध्याकाळी विन्याला विचारले. मुलाने सांगितले की हे गणिताचे काम नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, म्हणून एकेक मोजायचे. ज्या घरांत तसबीह, म्हणजे जपमाळ ओढली जाते, तिथे हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शंभर मणी एकदम पुढे सरकवता येतात, पण मग माळ ओढली असे कोणी म्हणत नाही.

उर्दूत यासाठी एक शब्द आहे, पाबंदी. मराठी-हिंदी कानांना पाबंदी म्हणजे बंदी वाटते, सरकारने घातलेली. उर्दूत ‘पाबंदीने नमाज पढतो’ असे म्हटले की अर्थ होतो, न चुकता, ठरल्या वेळी. पायाला बांधलेले असणे हा मूळ भाव. एकाच शब्दात अडवणे आणि टिकवणे दोन्ही आहे. तसाच दुसरा शब्द नियत. मराठीत तो बहुतेक वेळा ‘नियत फिरली’ एवढ्यापुरताच कानावर येतो. मुळात नियत म्हणजे मनाशी केलेला संकल्प. रोजाची नियत करावी लागते आणि ती महिन्याची एकदम करून भागत नाही. कोकणातले बहुसंख्य मुसलमान शाफई परंपरेचे, बाहेरून आलेली अनेक कुटुंबे हनफी. पण या मुद्द्यावर दोन्हींचे मत एक आहे की प्रत्येक दिवसाच्या रोजाची नियत वेगळी. काल केलेली आज चालत नाही.

प्रेरणेबद्दल बोलताना हे फार उपयोगी आहे. प्रेरणा ही पिंपात भरून ठेवायची वस्तू आहे असे आपण धरून चालतो. एखादे जोरदार भाषण ऐकले, एखादा चित्रपट पाहिला, पिंप भरले. महिनाभर पुरेल या हिशेबाने आपण निघतो आणि ते आठवड्यात आटते. रोजादार मात्र रोज पहाटे नव्याने ठरवतो: आजचा. तिसांचा विचार त्या वेळी करायचा नसतो. केला तर पहिल्याच दिवशी दुपारी तीनला घसा कोरडा पडतो.

विनोबांच्या अरबीकडे येऊ. ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांची निवड केली आणि हे विनोबा कोण, याची ओळख ‘हरिजन’मध्ये करून दिली. त्यात त्यांनी लिहिले की इस्लामचे उत्तम ते समजून घेण्यासाठी विनोबांनी एक वर्ष कुरआनच्या मुळातून अभ्यासाला दिले आणि त्यासाठी अरबी शिकली. शेजारपाजारच्या मुसलमानांशी जिवंत संबंध ठेवायचा तर हे हवे, असे त्यांना वाटले. कारण लक्षात घेण्यासारखे आहे. पदवी नाही, पैज नाही, कोणाला दाखवायचे नाही. शेजारी आहेत, त्यांच्या मनात काय आहे ते त्यांच्या शब्दांत कळावे, एवढेच.

नवी लिपी चाळिशीत शिकणे म्हणजे काय असते, ते करणाऱ्यालाच कळते. मदरशात पाच-सहा वर्षांचे मूल ज्या पुस्तिकेपासून सुरुवात करते तिला कायदा म्हणतात; बगदादी कायदा, नूरानी कायदा. मराठीत कायदा म्हटले की कोर्ट आठवते, पण हा कायदा म्हणजे अंकलिपी. अलिफ, बे, ते. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे. वाचायचे उजवीकडून. मराठी जिभेला ‘ह’ एकच माहीत, अरबीत दोन वेगळे. घशातून काढायचा ‘ऐन’ तर आपल्याकडे नाहीच. मुलाला यात काही वाटत नाही, कारण त्याला सगळेच नवे असते. मोठ्या माणसाला लाज वाटते. संस्कृतचा व्यासंग असलेला, आश्रम चालवणारा, लोक ज्याच्या पाया पडतात असा माणूस पहिल्या अक्षरावर बोट ठेवून अडखळतो, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

रमजानमध्ये अनेक घरांत असे बोट ठेवणारे मोठे लोक असतात. लहानपणी कामाला लागल्यामुळे कुरआन वाचायला शिकायचे राहून गेलेले, पंचेचाळिशीत कायदा उघडून बसलेले. बरेच जण दार लावून बसतात. नातवंडांना आपल्यापेक्षा चांगले वाचता येते, हे त्यांना बोचते. सोडून देण्याचे खरे कारण कितीदा तरी आळस नसून ही लाजच असते. गुजराती, तमिळ, हिंदी बोलणारी अनेक कुटुंबे खारघर-कामोठ्यात आली आहेत. त्यांतल्या मोठ्या माणसांना मराठी शिकताना हेच होते. वाक्य चुकले, समोरचा हसला, आणि मराठी तिथेच थांबली. हसणाऱ्याला पत्ताही नसतो की आपण काय थांबवले.

विनोबांची अरबी एका वर्षावर थांबली नाही. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ कुरआनचे वाचन चालू राहिले आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला निवडक आयतींचा त्यांचा संग्रह ‘रूहुल कुरआन’ या नावाने आला. मराठी वाचकांना तो ‘कुरआन-सार’ म्हणून माहीत आहे. मधल्या काळात तुरुंग झाले, वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेच्या चार भाषा झाल्या, १९५१ पासून देशभर पायी फिरणे झाले. पुस्तक लिहायचे म्हणून कोणी अरबी सुरू करून वीस वर्षे वाट पाहत नाही. वाचनाची सवय होती, पुस्तक तिच्यातून निघाले.

गीताईचेही तसेच. आईला संस्कृत येत नव्हते. मुलाने आणून दिलेली मराठी गीता तिला अवघड गेली, तेव्हा ती म्हणाली की मग तूच का करीत नाहीस? १९१८ मध्ये ती गेली. गीताई लिहायला घेतली ७ ऑक्टोबर १९३० रोजी, म्हणजे बारा वर्षांनी. आणि पूर्ण झाली ६ फेब्रुवारी १९३१ रोजी. सातशे श्लोक, चार महिने. भागाकार केला तर दिवसाला सहा श्लोकांच्या आत येतो. हा आकडा पाहून धीर येतो. सातशे म्हटले की छाती दडपते, सहा म्हटले की उद्या सकाळी बसता येईल असे वाटते. अर्थात विनोबांचे सहा आणि आपले सहा यांत फरक आहे, आणि त्या सहामागे बारा वर्षांची तयारीही आहे. पण भागाकार भागाकारच.

वर्षभरानंतरची गोष्ट धुळ्याच्या तुरुंगातली. १९३२ साली कैद्यांसमोर विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. २१ फेब्रुवारीला पहिला अध्याय, १९ जूनला अठरावा. दर रविवारी एक. कॅलेंडर काढून मोजले तर मध्ये एकही रविवार रिकामा नाही. अठरा रविवार, अठरा अध्याय. श्रोत्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ते उतरून घेतले, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आहे. सांगणाऱ्याला ठाऊक की रविवारी ऐकणारे बसलेले असतील, लिहिणाऱ्याला ठाऊक की बोलणारा येईल. तुरुंगात दुसरीकडे जाणार कुठे, असे कोणी म्हणेल, तेही खरेच. पण वार ठरलेला असणे आणि कोणीतरी वाट पाहत असणे या दोन गोष्टी तुरुंगाबाहेरही मिळवता येतात. तरावीहला शेजारच्या माणसाबरोबर जाणारा एकट्याने जाणाऱ्यापेक्षा जास्त दिवस टिकतो, हे मशिदीत कोणालाही विचारा.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस, असे ठोकून सांगणारे खूप भेटतात. या आकड्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान तीन आठवडे लागतात, असे त्याच्या पाहण्यात आले होते. ‘निदान’ हा शब्द पुढे गळून पडला आणि एकवीस हा नियम झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक नवी गोष्ट निवडायची आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडायची: नाश्त्यानंतर, दुपारच्या जेवणाबरोबर, वगैरे. ती गोष्ट विचार न करता आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांत फरक एवढा की कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. ग्लासभर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाला वेळ लागला.

म्हणजे रमजानचे २९ किंवा ३० दिवस बहुतेक सवयींना अपुरे आहेत. ईदनंतर पंधरा दिवसांत पहाटेची फजरची नमाज चुकू लागली, तर त्यात नवल नाही. अर्धी वाट झालेली असते आणि आपण पोहोचलो असे धरून चाल थांबवलेली असते. परंपरेला हे माहीत असावे. ईद झाल्यावर पुढच्या शव्वाल महिन्यात सहा ऐच्छिक रोजे ठेवण्याची प्रथा आहे. सलग ठेवा, नाहीतर महिनाभरात विखरून. एकदम थांबू नका, अशी ती सोय वाटते.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त दिलाशाची आहे. एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नव्हता. आपण मात्र एक दिवस चुकला की सगळेच मोडले असे मानतो. चालण्याची साखळी तुटली, आता सोमवारपासून. सोमवार गेला, आता एक तारखेपासून. रोजाच्या नियमांत या जागी कजाची तरतूद आहे. आजारी माणूस, प्रवासी, पाळीतील स्त्री, यांचा रोजा राहिला तर तो पुढे सवडीने भरून काढायचा. हिशेब उघडा राहतो, वही फाडायची नसते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईलाही सूट आहे. फार वयस्कर किंवा कायमचा आजारी असेल तर त्याने गरजूला अन्न द्यावे. इतक्या कडक वाटणाऱ्या व्रतात चुकण्याची जागा आधीच आखून ठेवलेली आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी हा भाग जरूर पाहावा. मुलाच्या वहीचे पाचवे पान बिघडले म्हणून नवी वही आणून देणारे घर आणि सहावे पान नीट काढायला सांगणारे घर, यांत फरक पडतो.

मुलांवरून आठवले. पहिला रोजा ठेवणाऱ्या मुलाचे कौतुक काय वर्णावे! रोजाकुशाईला नवे कपडे, गळ्यात हार, फोटो, नातेवाइकांच्या भेटी; काही जण वर्तमानपत्रातही फोटो देतात. त्याच्या आधीची पायरी मात्र फोटोत येत नाही. लहान मुले रोजा ठेवायचा हट्ट धरतात तेव्हा घरातली आजी त्यांना दुपारपर्यंतचा रोजा ठेवायला सांगते. काही घरांत त्याला गमतीने चिडियाचा रोजा म्हणतात. दुपारी बारा वाजता त्याची ‘इफ्तारी’ होते. पुढच्या वर्षी असे दोन-चार, त्याच्या पुढच्या वर्षी एक पूर्ण. त्या आजीने सवयींवरचे एकही पुस्तक वाचलेले नसते.

हजरत आयेशा यांच्याकडून आलेल्या एका हदीसचा आशय असा आहे की, अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे सातत्याने केले जाते, मग ते थोडे का असेना. वाझमध्ये, म्हणजे प्रवचनांत ही हदीस वारंवार सांगितली जाते. पण ऐकणारा त्यातले ‘सातत्य’ उचलतो आणि ‘थोडे’ सोडून देतो. थोडे करणे आपल्याला कमीपणाचे वाटते. पाच मिनिटे कुदळ चालवली असे कोणाला सांगणार?

यावर एक आक्षेप रास्त आहे. विनोबांना संसार नव्हता. पहाटे डोंबारी कसरत करून पाच अठराची लोकल पकडायची नव्हती, तळोज्याच्या कारखान्यात आठवड्याला बदलणारी पाळी नव्हती, घरी ताप आलेले मूल नव्हते. आश्रमातला नियम आणि चाळीतला नियम एक नव्हे. आणि घरातल्या बाईचे तर विचारूच नका. रमजानमध्ये ती सर्वांच्या आधी तासभर उठते, सहेरी करते, सर्वांना उठवते, दुपारपासून भजी, फळे, सरबताची तयारी, रात्री भांडी. कुरआन वाचायला वेळ मिळत नाही म्हणून ती हळहळते. घरातल्या सर्वांत नियमित माणसाला आपण नियमित नाही असे वाटते, ही या महिन्यातली एक खंतच आहे. तिला प्रेरणेची व्याख्याने ऐकवण्यापेक्षा एका संध्याकाळी भजी दुसऱ्या कोणी तळली तर तिचा पारा पूर्ण होईल.

तरी नेमके व्यग्र माणसालाच ‘थोडे’ उपयोगी पडते. महिन्यात कुरआन एकदा पूर्ण करायचे तर दिवसाला एक पारा, साधारण वीस पाने. वीस पानांची सलग बैठक पनवेल-सीएसएमटी प्रवास करणाऱ्याला जमत नाही. जुने लोक सांगतात, पाच नमाज आहेत, प्रत्येकीनंतर चार पाने वाचा. वीस झाली. ज्यांना चार झेपत नाहीत त्यांनी एक वाचावे, ज्यांना अक्षरओळखच नवी आहे त्यांनी एक ओळ. लॅलीच्या अभ्यासातले लोक जे नाश्त्याला जोडत होते, ते इथे नमाजला जोडलेले आहे. आधीपासून होत असलेल्या गोष्टीच्या शेपटीला नवी गोष्ट बांधायची. फिरायला जायचे असेल तर दूध आणायला पायी निघावे आणि परतताना तलावाला अर्धा फेरा घालावा. इंग्रजी शिकायचे असेल तर लोकल मानखुर्दला येईपर्यंत एक पान.

सध्या मधला अशरा चालू आहे. हाराफुलांचा पहिला रोजा मागे गेला, सत्ताविसावी रात्र अजून लांब आहे. बाराव्या-तेराव्या रोजाचे कोणी फोटो काढत नाही, त्यांच्या शुभेच्छाही येत नाहीत. सफ विरळ आहेत आणि हाफिजसाहेबांचा आवाज थोडा बसलेला आहे, पण पारा जिथे काल थांबला होता तिथूनच आज पुढे निघतो. मध्ये चार रात्री न आलेला कोणी आज आला तर त्याला कोणी विचारत नाही की होतास कुठे. शेजारचा फक्त थोडे सरकून जागा देतो.

मग ईद येईल. शिरखुर्म्याची पातेली घासून होईपर्यंत रात्र होईल. दुसऱ्या दिवशी पहाटे मोहल्ल्यात सहेरीला उठवणारा आवाज नसेल, मशिदीच्या भोंग्यावरून वेळ सांगितली जाणार नाही, बेकऱ्या बंद असतील. एखाद्या घरात तरी चार वाजता गजर वाजेल. शव्वालच्या सहांपैकी पहिला. एकाच माणसापुरता चहा, डब्यातली कालची पोळी, घरातले कोणी जागे होऊ नये म्हणून हलकेच लावलेले स्वयंपाकघराचे दार, आणि मनातल्या मनात केलेली नियत: आजचा.